ताईची सर्व्हिस

खामगावच्या सुधाकर सरांच्या दोन्ही मुली टेनिसमध्ये दुहेरीच खेळल्या. एकटीनं खेळताना थोरली रेवती लवकर दमायची, धाकटी ओवी लवकर चिडायची. एका बाजूला दोघी उभ्या राहिल्या की मात्र समोरच्यांची धडगत नसे. क्लबच्या सिमेंटच्या कोर्टावर सरांनी घडवलेली ही जोडी पुढे देशोदेशी खेळू लागली.

ताश्कंदच्या सामन्यात ओवी नेटजवळ उभी होती. समोरून आलेला चेंडू थेट तिच्या डाव्या गालावर आदळला. रेवतीच्या काळजात चर्र झालं, ते वेगळ्याच कारणानं. ओवीनं रॅकेट उचललीच नव्हती. साधी मानही वळवली नव्हती.

हॉटेलवर गालाला बर्फ लावताना रेवतीनं डोळ्याचं विचारलं. ओवीनं तिचा हात बाजूला केला.

"डाव्या अंगाचं दिसतच नाही मले," ती म्हणाली. "उजवा डोळाबी चालला. डॉक्टर म्हणते, इलाज नाही."

"अन् मले काऊन नाही सांगितलं?"

"तू खेळू देल्लं असतं का मंग?"

ओवी घरी परतली. रेवतीही खेळ सोडायला निघाली होती, पण ओवीनंच नागपूरच्या काजलला फोन करून नवी जोडी जुळवून दिली. काजलसोबत रेवती वर चढत गेली, परदेशातल्या गवताच्या कोर्टांवर खेळली. जिंकल्यावर काजल येऊन बिलगायची, तेव्हा रेवतीचं अंग आखडून जायचं.

दिवाळीत रेवती घरी आली. ओवीनं हट्टानं तिला क्लबवर नेलं आणि सर्व्हिस करायला लावली. रेवतीनं हलकेच चेंडू टाकला. ओवीच्या शेजारून तो निघून गेला. दुसरा तिनं आणखी हळू टाकला. तोही गेला.

"ताई, तू माह्यावर दया करून राह्यली," ओवी म्हणाली. तिनं रॅकेट खाली ठेवली आणि हातानं चाचपत जाळीपाशी आली. रेवतीनं तिचा हात धरला. दोघी तिथंच सिमेंटवर बसल्या.

थोड्या वेळानं ओवीनं विचारलं, "तिथलं गवत पायाखाली कसं लागते वं?"

रेवती सांगायला लागली. मऊ असतं, सकाळी थोडं ओलं असतं, एवढंच तिला सांगता आलं.