ओपलआत्याच्या पिशवीत

त्या रविवारचं उपासनेचं छापील पत्रक माझ्याकडे आहे. त्याच क्रमाने सांगते. नाहीतर मी सारखी शेवटाकडे धावत सुटते.

घंटा

दहा वाजता. मी बायकांच्या बाथरूममध्ये होते.

रविवारी माझं पिस्तूल झग्याच्या आत, पोटावर बांधलेल्या रुंद पट्ट्यात असतं. बसायचं तर पट्टा सैल करावा लागतो, आणि सैल केला की पिस्तूल घसरतं. म्हणून रॉइसने नियम घालून दिला होता: काढलंच तर मांडीवर ठेवायचं, कुठेही टेकवायचं नाही. टेकवलं की विसरलंच म्हणून समजायचं. रॉइस माझा नवरा, आणि आमच्या चर्चच्या पहाऱ्याच्या गटाचा प्रमुख.

मी ते कागदाच्या रिळाच्या डब्यावर टेकवलं.

तेवढ्यात कानातल्या यंत्रात गटातल्या डेलचा आवाज आला. "गाड्यांपाशी एकजण आहे. ओळखीचा नाही. जाड जॅकेट."

एप्रिल होता. लोक अर्ध्या बाह्यांत आले होते.

मी उठले, पट्टा आवळला आणि हात न धुता धावले.

स्वागत

माणूस पन्नाशीचा. दाढी वाढलेली, जॅकेट गळ्यापर्यंत बंद. दारात डेलने त्याच्याशी हात मिळवला आणि सोडला नाही.

"कुठून आलात, भाऊ?"

"पलीकडून. जरा बसावं म्हटलं."

"बसा की. जॅकेट काढून ठेवा, इथं खुंट्या आहेत."

"असू दे."

"उकडत नाही?"

"नाही."

तो शेवटच्या बाकाच्या टोकाला बसला. डेल त्याच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. कानात डेल म्हणाला, "उकडत नाही म्हणे." कुणी हसलं नाही. आमच्या गटात सहाजण. मी बघितलं, बाकीच्या पाचांनीही आतल्या पिस्तुलासाठी कोटाची बटणं काढली होती.

गीत

उभं राहून म्हणायचं. दुसऱ्या कडव्याला मी सवयीने पोटावर हात नेला.

पट्टा होता. पट्ट्यात काही नव्हतं.

यंत्रावर सांगायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण काय सांगू? "पिस्तूल" हा शब्द त्या क्षणी त्या पाच कानांत पडला असता तर पुढचं वाक्य ऐकायला कोण थांबलं असतं? शेवटच्या बाकावर जाड जॅकेट बसलं होतं.

हे एक कारण. दुसरं कारण लाज. ते दुसरं जास्त खरं.

मी बाकांमधून चालत बाहेर पडले. चालत. आमच्याकडे गटातलं कुणी धावलं की त्याला अर्थ असतो.

बाथरूममधला डबा रिकामा होता. म्हणजे डब्यात कागद होता, वर काही नव्हतं. मी खाली वाकले. टाकीच्या मागे हात घातला. कचऱ्याची बादली उपडी केली: ओले कागद, च्युइंगमचं वेष्टन, लहान मुलाचा एक मोजा.

मोजा बघून मी बादली तशीच सोडली. शेजारच्याच खोलीत संडे स्कूल भरते. मुलं हेच बाथरूम वापरतात. तो डबा माझ्या मांडीपाशी येतो. पाच वर्षांच्या पोराच्या छातीपाशी.

(हे पत्रकात नाही. चर्चच्या सभेच्या वहीत आहे, दोन वर्षांपूर्वीचं.)

विषय: उपासनेच्या वेळी गटातील सभासदांनी शस्त्र बाळगावे काय.

खुलासा: मिसूरी राज्यात स्वतःजवळ पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, चर्चच्या आत मात्र पास्टरांची संमती लागते. पास्टर वेंडेल म्हणाले, मंडळी ठरवतील तसे.

सौ. जॅनेल (म्हणजे मी) म्हणाल्या की, शेरीफच्या पोलिसांची गाडी यायला इथे पंचवीस मिनिटे लागतात. पंचवीस मिनिटे आपण काय करायचे? प्रार्थना?

श्रीमती ओपल म्हणाल्या की, हो, चर्चमध्ये बहुधा तेच करतात.

(हशा.)

श्रीमती ओपल पुढे म्हणाल्या की, त्यांना बाहेरून येणाऱ्याची भीती कमी वाटते. आतले लोक विसरभोळे आहेत. छत्र्या विसरतात, दातांच्या कवळ्या विसरतात, एकदा तर एक बाळही विसरले होते.

(हशा.)

बाजूने एकेचाळीस. विरुद्ध नऊ.

मुलांची वेळ

मुलं वेदीच्या पायऱ्यांवर येऊन बसतात आणि पास्टर त्यांना गोष्ट सांगतात. मी दारातून मोजली. नऊ. परत मोजली. नऊ. मग प्रत्येकाचे खिसे बघितले, पोटं बघितली, हात बघितले. एक पोरगी फ्रॉकखाली काहीतरी लपवत होती, तो ससा निघाला. कापडी. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण दारापाशी बसलेल्या बर्निसबाई वळल्या.

"काय गं? पांढरीफटक पडलीस."

"बाथरूममध्ये कोण गेलं होतं, बर्निसबाई? आत्ता, घंटेनंतर?"

"मी गेले होते, पण ओपलने कडी लावलेली. किती वेळ! मी म्हटलं, बाई, आत गाव वसवतेस का? बाहेर आली ती माझ्याशी बोललीच नाही. तिचा चेहराही तुझ्यासारखाच."

माझा बाप मी सात वर्षांची असताना गेला. त्यानंतर त्याच्या बहिणीने, ओपलआत्याने, मला वाढवलं. मतदानानंतर ती आमच्या बाकावरून उठून मधल्या रांगेत बसायला लागली. एकटी. जेवायला यायची, पण घरात शिरताना दारात थांबून रॉइसला विचारायची, "ठेवलंस का कुलपात?" मगच आत पाऊल.

आता ती मधल्या रांगेत बसली होती. गोधडीच्या तुकड्यांची पिशवी मांडीवर. उजवा हात मनगटापर्यंत पिशवीच्या आत.

मी शेजारी जाऊन बसले. पास्टर मुलांना जहाजाची गोष्ट सांगत होते.

"आत्या. पिशवी दे."

"आता दे म्हणतेस."

"भरलेलं आहे ते."

"रिकामं काय कामाचं, असं तूच म्हणाली होतीस ना?"

"आत्या, त्याला सुरक्षेचा वेगळा खटका नसतो. चाप दाबला की गोळी सुटते."

"माझ्या शिवणयंत्रालासुद्धा खटका आहे," ती म्हणाली. मान पुढे, ओठ जेमतेम हलत होते. "कुठं सापडलं सांगू? त्या डब्यावर. लेकरं जिथं बसतात तिथं."

"मला माहीत आहे."

"तुझं नाव घेणार नाही मी. आता सांगायची वेळ आली की उठणार आणि नुसतं वर धरणार. बघा म्हणणार. बास."

आमच्याकडे मुलांनंतर ती वेळ येते. ज्याला काही सांगायचं त्याने उठायचं. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाला नातू, कुणाची हरवलेली गाय. आत्या तिथे उठणार होती आणि हातातलं पिस्तूल डोक्यावर धरणार होती.

"मागे पहाऱ्यावरच्यांकडे बघ," मी म्हटलं.

"कशाला बघू? सगळी माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं. डेल तर सहावीपर्यंत चड्डी ओली करायचा."

"त्यांना तू दिसणार नाहीस, आत्या. तुझा हात दिसेल फक्त. त्यात आज तो जॅकेटवाला आलाय, सगळे आधीच…"

तिने मागे बघितलं. मग पुढे. तिच्या गळ्यावरची शीर उडताना मला दिसत होती.

"बरं," ती म्हणाली. "घे मग."

"हात बाहेर काढ आधी."

"निघत नाही."

"म्हणजे?"

"धरून बसलेय केव्हाची. बोटं आखडलीत."

मला संधिवाताची ती बोटं माहीत होती. सकाळी कपाचा कान धरला की दुपारी सोडवावा लागायचा.

"बोट कुठंय, आत्या? पहिलं बोट?"

"त्या चापाच्या कडीत आहे."

पिशवीचं तोंड पुढच्या बाकाकडे होतं. पुढच्या बाकावर एक तरुण जोडपं. बाईच्या खांद्यावर बाळ, आमच्याकडे तोंड करून. बोळकं हसत होतं.

सुखदुःख सांगण्याची वेळ

मुलं पायऱ्यांवरून पांगली. पास्टर वेंडेल म्हणाले, "कुणाला काही?"

कोपऱ्यातून कुणीतरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं सांगितलं. मी आत्याच्या मांडीवर झुकून दोन्ही हातांनी पिशवी जमिनीकडे वळवायला लागले. एक इंच. आत्या कण्हली.

"दुखतंय?"

"तू हलवलंस की बोट ओढलं जातंय."

मी थांबले.

"ओपल," पास्टर हसून म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय का? दोघींची मघापासून कुजबुज चाललीय."

सगळी मंडळी वळली. सवयीने आत्या उठायला लागली. सत्तर वर्षं पास्टरने नाव घेतलं की ती उठत आली होती. तिच्याबरोबर पिशवी वर येऊ लागली.

मी तिला खांद्याने खाली दाबलं आणि स्वतः उठले.

"कुणी हात हलवू नका," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "माझं पिस्तूल मी बाथरूममध्ये विसरले. ते आत्याला सापडलं. ते तिच्या पिशवीत आहे, तिचं बोट अडकलंय, तिची काही चूक नाही. पुढच्या बाकावरचे सगळे बाजूला व्हा. हळू. माझी चूक आहे. माझी…"

मला वाटतं मी हे सगळं बोलले. नंतर लोक म्हणाले, त्यांना एकच शब्द ऐकू आला.

पुढचं बाक रिकामं झालं. कुणीतरी किंचाळलं. मी खाली वाकून पिशवीत हात घातला, आत्याचं बोट चाचपलं, लाळ लावली. हो, थुंकले पिशवीत. चापाच्या मागे माझी करंगळी घातली, म्हणजे तो दाबलाच जाणार नाही. आणि तिचं बोट पेराने पेर बाहेर काढलं.

निघालं. पिस्तूल माझ्या हातात, पिशवीच्या आत.

मी डोकं वर केलं तर कुणीच आमच्याकडे बघत नव्हतं.

डेलने पिस्तूल काढलं होतं. ते जॅकेटवाल्याच्या मानेपासून हातभर अंतरावर होतं.

"जॅकेट काढ," डेल म्हणत होता. "काढ जॅकेट!"

माणसाने उठून, त्याच्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले होते. हात वर असताना जॅकेट कसं काढायचं ते त्याला कळत नव्हतं. एक हात चेनकडे खाली आला की डेल ओरडायचा, "हात वर!" वर गेला की, "काढ!"

"डेल," पास्टर म्हणाले. "डेल, बेटा."

रॉइसचा हात कोटाच्या आत होता. बाकीच्या तिघांचेही.

तेव्हा आत्या उठली. रिकामे हात डोक्याच्या वर धरून, एका बाजूला कलत, ती मधल्या वाटेने चालत गेली. मी तिला धरलं नाही. धरता आलं असतं. माझ्या हातात पिशवी होती.

"बाई, बाजूला व्हा!" डेल म्हणाला.

"तू मला शिकवू नकोस."

"बाई, त्याच्या अंगावर काय आहे माहीत नाही!"

"बघते ना मी." ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. डेलच्या नळीसमोर तिची पाठ होती. तिने त्या माणसाच्या गळ्याशी आपली वाकडी बोटं नेली आणि चेन खाली ओढायला लागली. चेन अडली. तिने परत ओढली. डेलने पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं होतं.

जॅकेटखाली शर्ट होता. शर्टाला बटणं नव्हती. दोरीने बांधला होता.

"लाज वाटली," माणूस म्हणाला. "म्हणून नाही काढलं."

डेलने पिस्तूल खाली घेतलं आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. कुणीतरी रडायला लागलं. दोघे-तिघे देवाचे आभार मानू लागले.

दान

गोळा केलं नाही.

आशीर्वाद

मी मधल्या रांगेत उभीच होते. मला वाटलं, संपलं. बर्निसबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या बाकाखाली वाकल्या. मला कळेना का.

मग रॉइस आला. सरळ नाही, बाजूने, बाकांच्या आडून. हात छातीपुढे, तळवे उघडे, पावलं सावकाश. अनोळखी माणसाजवळ असंच जायचं हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. आवाज खाली, नजर हातांवर, नाव घ्यायचं नाही.

"मॅडम," तो म्हणाला.

बावीस वर्षांचा संसार आमचा.

"मॅडम, सगळं ठीक आहे. पिशवी हळूच बाकावर ठेवा. मला तुमचे हात दिसू द्या."

मी खाली बघितलं. पिशवी माझ्या छातीच्या उंचीला होती. दोन्ही हातांत, कोपर ताठ, पाय फाकलेले, नेमबाजीच्या मैदानात सराव केला होता तसे. कापडातून नळीचा उंचवटा दिसत होता. तो मागच्या भिंतीकडे होता, जिथे मघाशी डेल उभा होता तिथे. कधीपासून, मला माहीत नव्हतं. बहुधा आत्या त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हापासून.

"ठेवते," मी म्हटलं.

पण हात खाली येईनात. रॉइस तिथेच थांबला, एका बाकाच्या अंतरावर. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्याने हात उचलला नाही.