एका वेळी एकच

मी वर्गणी बोलतेय. दार लावून घेऊ नका; पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरते ती मी नव्हे. मी ऑनलाइन खेळांची वर्गणी. घरात मला 'सबस्क्रिप्शन' म्हणतात, घरातले बाबा 'ती गेमवाली' म्हणतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, दिसायला तर मी मुळीच नाही. तरी या घरात जेवढी भांडणं माझ्यावरून झाली, तेवढी पंख्याच्या वाऱ्यावरूनही झाली नसतील.

माझा जन्म एका फुकटच्या महिन्यातून झाला. 'महिनाभर खेळून बघा, नाही आवडलं तर सोडा' असं कंपनीने म्हटलं आणि या घरच्या मुलीने आईचं कार्ड मागून घेतलं. महिना संपता संपता मला बंद करायचं असं ठरलं होतं. पण ठरवून विसरणं हा या घराचा स्वभाव. तो दिवस आला, गेला, आणि मी राहिले. विसरभोळेपणाच्या पोटी जन्मलेली मी. मला आईवडील विचारू नका.

माझ्या घरात एक नवी सून आहे आणि मी मनाने तिच्या बाजूची. म्हणून बाकीच्यांना मी तिच्याच नात्याने हाक मारते. सासूबाईंचं पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्यामुळे बोलणं कमी आणि निकाल पक्का. त्या खेळत नाहीत, पण पैसे त्यांच्या कार्डातून जातात, म्हणून मालकीण त्याच.

सासरे निवृत्त बसचालक. जन्मभर बस चालवून दमले, घरी बसले, आणि माझ्या पोटात त्यांना बस चालवण्याचाच खेळ सापडला. आता रोज दुपारी टीव्हीसमोर बसून बस चालवतात. तिथे सिग्नल तोडला तरी विचारणारं कोणी नाही, पण ते थांबतात. मागच्या दारात लटकणाऱ्या खोट्या प्रवाशाला "आत सरका हो" म्हणून दटावतातसुद्धा.

नणंद दातांच्या दवाखान्यात मदतनीस. दिवसभर गोड आवाजात "आ करा" म्हणते आणि घरी येऊन राक्षसांच्या फौजा कापून काढते. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला फुटबॉल लागतो, पण पाचेक मिनिटांत तो खुर्चीतच घोरायला लागतो आणि त्याचा संघ त्याच्यावाचून हरतो.

माझी अट एकच. एका वेळी एकानेच खेळायचं. दुसऱ्याने दुसरीकडे मला उघडलं, की पहिल्याचा पडदा काळा होतो आणि मला म्हणावं लागतं, 'आपले खाते अन्य ठिकाणी उघडण्यात आले आहे.' ही कोरडी भाषा कंपनीने दिलेली, माझी नव्हे. मला विचाराल तर मी म्हटलं असतं, 'ऊठ बाई, आता दुसऱ्याची पाळी.'

या अटीवर घराने आपला इलाज काढला होता. घरात न्हाणीघर एकच. तिकडे जाताना प्रत्येकजण "जातोय" किंवा "जातेय" असं ओरडून जातो. आत कोणी असेल तर ते "थांब जरा" म्हणून ओ देतं. तोच नियम यांनी मला लावला. खेळायला बसण्याआधी "बसतोय" म्हणून हाक मारायची. ओ आली तर थांबायचं, नाही आली तर बसायचं. मला न्हाणीघराच्या पंक्तीला बसवल्याचा आधी राग आला होता. पण नियम चोख चालायचा, हे मान्य केलं पाहिजे.

मग लग्न ठरलं, आणि मला कोणी विचारीना. बस आगारात धूळ खात पडली, राक्षस मोकाट सुटले. मी नुसतीच महिन्यामागून महिना भरली जात होते. न वाजणाऱ्या पेटीसारखी.

लग्न झालं आणि सून आली. ती एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायची, आता तेच काम घरून करते. कामात तिचा हात इतका सरळ, की पट्टीने तिच्याकडून शिकावं. बोलण्यात मात्र ती 'हो' आणि 'चालेल' या दोन शब्दांवर घर चालवत होती. खिडकी लावू? चालेल. मीठ कमी झालंय का? चालेल. सगळे म्हणायचे, सून गुणाची मिळाली. ती घरात आहे की नाही, हे कळतच नाही. हे कौतुकाने म्हणायचे हो.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने तिच्या टॅबवर मला उघडून दिलं. "कंटाळा आला तर खेळ काहीतरी," म्हणाला, आणि कुठेशी लिफ्ट अडकली म्हणून धावला. जिना उतरेपर्यंत तो हे विसरलाही असेल.

तिला पुलांचा खेळ सापडला. नदी असते, दोन काठ असतात, लाकूड-लोखंड मोजकं मिळतं. पूल बांधायचा आणि वरून ट्रक न्यायचा. चुकलात तर ट्रक पाण्यात. दुपारी कामातून उसंत मिळाली की ती कानात इअरफोन घालून बसे. दिवसभर 'चालेल' म्हणणारी ही पोरगी, तिथे तिचं रूपच बदले. "नाही, इथे खांब नाही चालणार," असं ती ओठ हलवून म्हणे. मनाजोगा झाला नाही, तर उभा पूल पाडून पुन्हा बांधे. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खेळाडू पाहिले, पण एवढी हट्टी कोणी नाही.

"बसतोय" ऐकू आलं की ती चटकन मला मिटून टाके. पूल नदीच्या मधोमध लोंबकळत राही. "थांबा जरा" एवढे दोन शब्द तिच्याच्याने म्हणवत नसत.

पण इअरफोनला कसलं ऐकू येतंय? एके दुपारी सासऱ्यांनी "बसतोय" म्हटलं, ओ आली नाही, ते बसले. इकडे तिचा पडदा काळा. तिला वाटलं नेट गेलं. तिने पुन्हा उघडलं. तिकडे सासऱ्यांची बस भर चौकात, पोटात प्रवासी घेऊन, अंधारात गडप. त्यांनी पुन्हा उघडली. तिनेही उघडली. मी या हातातून त्या हातात अशी फिरले, की मलाच घेरी आली. पुढे असं होतच राहिलं. एका सुट्टीच्या दिवशी नणंद राक्षसांच्या राणीवर शेवटचा वार करणार, तोच तिची तलवार गायब झाली. तेव्हा मात्र घराची सभा बसली.

सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखा.

"आपल्या खात्यात चोर शिरलाय," सासरे म्हणाले.

"कशावरून?"

"मी 'बसतोय' म्हटलं, कोणी ओ दिली नाही. घरातलं माणूस असतं तर ओ दिली असती. म्हणजे बाहेरचा आहे."

"बरोबर," नणंद म्हणाली. "मी, तुम्ही, दादा. आई तर खेळत नाही. संपली यादी."

सून दारातच उभी होती. सासूबाईंनी उसवायला दिलेली पँट हातात, बोटं शिवणीवर. यादी तिच्यासमोर सुरू झाली आणि तिच्यासमोरच संपली. नणंदेच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिला सुचलंच नाही, एवढंच. पण न सुचण्यालाही काटा असतो, आणि तो कुठे टोचला ते मला दिसत होतं.

नणंदेने भावाला फोन लावला. "दादा, तू कोणाला पासवर्ड दिलास का रे?"

"छे. कोणाला देणार? मी आत्ता लिफ्टच्या टपावर उभा आहे, ठेव."

खरंच होतं ते. कोणाला दिला नव्हता, बायकोच्या टॅबवर स्वतःच टाकला होता.

"मग पासवर्ड बदला," सासूबाईंनी निकाल दिला. "आणि या चोराने जे काय मांडून ठेवलंय ते पुसून टाका. पुन्हा फिरकायला नको."

नणंदेने टीव्हीवर चोराचा खेळ उघडला. मोठ्या पडद्यावर पूल आला. रुंद नदी, मधला एकच खांब, आणि दोन्ही बाजूंना तोललेल्या कमानी. सासरे पुढे सरकले. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"चोर आहे," ते म्हणाले, "पण बांधलाय झकास. असल्या पुलावर मी डोळे मिटून गाडी घातली असती."

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी रस्त्याच्या बाजूने. बघ ना, उतार कसा अलगद दिलाय. बसमधलं म्हातारं माणूससुद्धा हलणार नाही."

"पूस गं," सासूबाई म्हणाल्या.

'हा पूल कायमचा पुसायचा का?' असं मी विचारलं. नाइलाज होता. नणंदेचं बोट 'होय'वर गेलं. मी दारातल्या सुनेकडे पाहत होते. चोर हा शब्द एकदा पडल्यावर 'तो चोर मीच' म्हणत पुढे येणं, तेही नव्या घरात, सोपं नव्हे. आज 'चालेल' म्हणाली असती, तर पूल गेला असता, मी गेले असते, आणि यादी कायमची तेवढीच राहिली असती.

"पुसू नका," सून म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं. तो आवाज घरात नवीन होता.

"का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याचा कठडा राहिलाय अजून."

मग नणंदेचा चेहरा उजळला. "म्हणजे वहिनी, माझी तलवार... तुम्ही?"

"मला वाटलं, नेट जातंय."

"अगं, मग ओ का देत नव्हतीस?" सासरे म्हणाले. "एवढा घसा फोडून ओरडतो मी."

"कधी ऐकू यायचं नाही," ती म्हणाली. मग पँटकडे बघत, "आणि यायचं तेव्हा वाटायचं, ओ देणं घरातल्यांचं काम."

सासूबाईंनी टेबलावरच्या टाचण्या उगाच एका ओळीत लावल्या. नंतर उठून सुनेच्या हातातली पँट काढून घेतली. "हे राहू दे," म्हणाल्या, "तो कठडा कर आधी. अर्धवट काम मला दुकानातही खपत नाही."

ती सोफ्यावर बसली. नणंदेने तिच्या हाती कंट्रोलर दिला आणि कुठलं बटण काय करतं ते सांगता सांगता स्वतःच दाबायला लागली. सासऱ्यांना दोन्ही बाजूंना दिवे हवे होते. कठडा झाला. ट्रक सोडला. ट्रक मधल्या खांबापर्यंत ऐटीत गेला, पूल कुरकुरला, आणि सगळं धाडकन नदीत.

"कठड्याचं वजन धरलं नाही मी," सून म्हणाली.

"चोराचा पूल वाहून गेला," नणंद म्हणाली, आणि सून हसली. हसली म्हणजे हात तोंडावर न घेता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. संध्याकाळी नवरा आला, तर आपल्या जागेवर आईच बसलेली. "पासवर्ड कोणी दिला होता, कळलं का?" असं त्याने विचारलं. त्या प्रश्नाला घराने जे उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हल्ली माझं बरं चाललंय. नणंदेने मध्यंतरी सुचवलं, दोन पडद्यांची महागडी वर्गणी घेऊ, कटकट मिटेल. सासूबाई नको म्हणाल्या, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या अटींत लिहिलंय की एका वेळी एकानेच खेळायचं. त्या एकाच्या शेजारी किती जणांनी बसायचं आणि किती सल्ले द्यायचे, याबद्दल कंपनी मूग गिळून आहे.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला खुशाल वाटून घ्या, तिच्यावरून भांडा, एकमेकांचे पडदे काळे करा. आम्हाला त्याची सवय आहे. फक्त वाटणी करताना आधी घरातली माणसं मोजा आणि मग वेळ. दारात कोणी गप्प उभं असेल, तर तेही धरा.

येते आता. नव्या पुलाचा डावा खांब आणखी जाड करायचा, असं सासऱ्यांचं म्हणणं आहे. ते उठून टीव्हीवर बोट ठेवून दाखवताहेत. आणि सून म्हणतेय, "नाही बाबा. अजिबात नाही. तुम्ही आधी समोरून सरका, मला दिसत नाहीये."