नाव घ्या

"उत्तरेश्वर—" चौकातल्या स्टेजच्या कडेला उभं राहून उत्तरेश्वर अण्णा घसा खरवडून ओरडले, आणि समोरच्या गर्दीनं "पाडा, पाडा" म्हणून जोरात साथ दिली.

विधानसभेच्या या निवडणुकीत अण्णांवर आलेली वेळ वैऱ्यावरही येऊ नये. विरोधी पक्षानं तिकीट दिलं तेच मुळी उत्तरेश्वरदादा नावाच्या माणसाला. अण्णा हाडाचे कार्यकर्ते. मिसरूड फुटलं तेव्हा खांद्यावर घेतलेला झेंडा केस पिकले तरी उतरला नव्हता. त्यामुळे स्वतःच्याच नावानं शिमगा करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. परवा हॉटेलासमोर शेणावरून पाय घसरून ते आडवे झाले, तेव्हा चहा पिणाऱ्यांनी आधी "उत्तरेश्वर पडला" अशी घोषणा दिली आणि मग त्यांना उठवलं. अण्णांनी तेही हसण्यावारी नेलं. गावानं लीड दिलं की तालुकाध्यक्षपद अण्णांना, असा शब्द बाबूरावांनी दिला होता. बाबूराव म्हणजे पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी. त्यांचे शब्द एरवी वाऱ्यावर जात, पण हा चारचौघांत दिलेला होता. आयुष्यभर सतरंज्या उचलल्यावर एकदा तरी खुर्चीवर बसावं, एवढीच अण्णांची इच्छा होती.

आजच्या सभेत बायकांची मतं वळवायचं काम नागूबाईंकडं होतं. नागूबाई म्हणजे अण्णांच्या मंडळी, बचत गटाच्या अध्यक्ष. ही बाई बोलायला उभी राहणार असं कळलं की ग्रामसेवक रजा टाकायचा.

बोलल्याही झकास. नळाचं पाणी, बंद पडलेली कळंबची सकाळची एसटी, शाळेचे गळके पत्रे, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. अडलं ते एकाच जागी. ज्याला पाडायचं त्याचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. "त्यो समोरचा", "पलीकडचा गडी", "त्यास्नी घरी बसवा" असं सगळं झालं, पण नाव नाही. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. घरात नातवंडं खेळायला लागली तरी अण्णा त्यांच्या लेखी नुसते "आवो" होते. तेरला जाऊन उत्तरेश्वराचं दर्शन घेऊन आल्या तरी घरी येऊन "तेरच्या देवाला जाऊन आले" असंच सांगत. हळदीकुंकवाला बायकाबायकांत उखाणा घेत असतील, पण तिथं पुरुषांना कोण बसू देतं? लग्नात तेवढं एकदा घेतलं होतं, तर नेमकं त्याच वेळी बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं आणि अण्णांना ओठ हललेले दिसले फक्त. त्याची रुखरुख मनात होती, पण अशा गोष्टी कुणाला सांगायच्या असतात थोड्याच.

इकडं बाबूरावांचा धीर सुटला. कुणाला पाडायचं तेच कळलं नाही तर लोक पाडणार कुणाला? त्यांनी दुसरा माइक ओढला.

"वहिनी, नाव घ्या."

पुढं बसलेल्या बायकांत खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या की वो, नाव घ्या," आणि मग साऱ्या जणींनीच तो धोशा लावला. बाबूराव खूश झाले. सभा पेटली असं त्यांना वाटलं. नागूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मान थोडी खाली घातली, आणि हळदीकुंकवाच्या सवयीनं खणखणीत आवाजात म्हणून मोकळ्या झाल्या.

"तेरणेच्या काठाला शाळूचं रान,
उत्तरेश्वररावांना मुलखात मान."

काय टाळ्या पडल्या! विरोधकांच्या टपरीवरून शिट्ट्याही आल्या. बाबूरावांचा चेहरा पाहवेना. अण्णांनी पुढच्या घोषणेसाठी हात वर केला होता, तो वरच राहिला. खाली घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून विरोधकांची रिक्षा गावोगाव फिरू लागली. आधी हलगी, मग नागूबाईंच्या आवाजात तो उखाणा, आणि शेवटी उत्तरेश्वरदादांना प्रचंड मतांनी विजयी करण्याची विनंती. नागूबाई लाजेनं घराबाहेर पडेनात. बाबूराव आले, ओसरीवर टेकले आणि चहाला नको म्हणाले. बायकोचा आवाज न विचारता वापरला अशी कळंबच्या तहसीलला तक्रार द्या, संध्याकाळपर्यंत रिक्षा बंद होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. नाहीतर अध्यक्षपदाला पक्षातला दुसरा कार्यकर्ता सिद्धाराम तयारच आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

अण्णा चपला घालून स्टँडवर गेले. कळंबची एसटी आली, थांबली, गेली. अण्णा घरी परतले.

"दिली का तक्रार?" नागूबाईंनी विचारलं.

"गाडीला लई गर्दी हुती."

दुपारच्या त्या गाडीत कंडक्टरलाही बोलायला माणूस मिळत नाही, हे नागूबाईंना ठाऊक होतं.

"आवो, आसं काय करताय? मला तोंड दाखवाया जागा न्हाय. अन् तुमचं पद बी जाईल."

तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. रिक्षा त्यांच्याच गल्लीत वळत होती. शेजारीपाजारी दारात आले. आता जुंपणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. गल्लीच्या तोंडाशी बाबूरावांची पांढरी गाडीही येऊन थांबली होती आणि ते काच खाली करून बघत होते.

अण्णा गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा केला. रिक्षावाल्या दगडोबानं कचकन ब्रेक दाबला.

"अण्णा, पोटासाठी करतोय वो," तो गडबडून म्हणाला. "बंद करतो बगा, आत्ता बंद करतो."

अण्णांनी एकवार बाबूरावांच्या गाडीकडं पाहिलं. मग मागं वळून दाराकडं पाहिलं. नागूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"बंद नको करू," अण्णा म्हणाले. "जरा हळू ने."