मुदत नसलेली नोंद

मनोरमाकाकूंनी मोबाइल थेट आयुषच्या कीबोर्डवर ठेवला. पडद्यावर लाल अक्षरं होती: 'मुदत भरल्याशिवाय नोंद होणार नाही.'

"किती दिवस राहणार, असं विचारतोय तुझा फॉर्म. चौदा वर्षं झाली रे मला इथे."

चंदनसारच्या त्या सोसायटीत राहणाऱ्यांची यादी करायचं काम कमिटीने आयुषच्या गळ्यात मारलं होतं. तो संगणकवाला, शिवाय रविवारी घरी सापडणारा. त्याने रीतसर एक्सएमएल स्कीमा, म्हणजे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात काय चालेल याची नियमावली, लिहिला. मालकाला मुदत विचारायची नाही, बाकी सगळ्यांना सक्तीची. नियम भाडेकरूंसाठी होता. पण फ्लॅट मुलाच्या, जयवंतच्या नावावर आणि जयवंत बंगळुरात, म्हणून काकू 'बाकी सगळ्यां'त जाऊन पडल्या. आयुषला मनापासून लाज वाटली.

"बसा काकू. दहा मिनिटांत करतो."

दहा मिनिटांचे दोन तास झाले. नातं 'आई' असेल तर मुदत नको, दुसरं काही असेल तर हवी, ही अट त्या जुन्या पद्धतीच्या स्कीमाला एका नोंदीत सांगताच येत नव्हती. शेवटी त्याने 'आई' अशी वेगळीच नोंद तयार केली आणि तिच्यात मुदतीचा रकानाच ठेवला नाही.

"आता कुणी भरायची म्हटली तरी भरता येणार नाही."

"हुशार आहेस हो," काकू म्हणाल्या आणि केव्हाचा गार झालेला चहा त्यांनी समाधानाने संपवला.

नोंद शेवटी मालकानेच पक्की करायची असल्यामुळे आयुषने जयवंतला लिंक पाठवली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"स्पीकरवर टाक," काकू म्हणाल्या. "आवाज तरी ऐकते." आयुषने फोन स्पीकरवर टाकला.

"आयुष, अरे त्या 'आई'मध्ये मुदत टाकताच येत नाहीये."

"नकोच आहे ती, दादा. काकू इथेच..."

"नको कशी? एकतीस मार्चला फ्लॅटचा ताबा द्यायचाय. आईला अजून सांगितलं नाही, तू बोलू नकोस. आणि काम झालंय माझं. 'इतर नातेवाईक'मध्ये टाकलं तिला, तिथे घेतली तारीख."

आयुषने फोन बंद केला. काकूंनी आपला मोबाइल उचलला, पदराने पुसला.

"झाली ना नोंद?" त्यांनी विचारलं.

संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण आली होती.