नवसाबाईंचा अंगठा

अर्ज करून चार वर्षं झाली, तेव्हा दोन हजार साली ट्रेडमार्कच्या ऑफिसातून पत्र आलं. मनीषाने ते मेनरोडवरच्या वकिलाकडे नेलं. त्या जिन्याच्या किती खेपा झाल्या, हे मोजणं तिने केव्हाच सोडलं होतं.

"नाव हयात बाईचं आहे," वकील म्हणाले. "त्यांची लेखी संमती लागेल. कोण लागतात तुमच्या?"

"सासूबाई."

"मग घरचंच काम की."

पंचवटीतल्या दोन खोल्यांत सासूसुनांनी दहा वर्षं नागलीचे पापड लाटले होते. मनीषाचा नवरा जीवन ते सायकलवरून दुकानांत पोचवायचा. गिऱ्हाईक 'नवसाबाईंचे पापड' म्हणूनच मागायचं, म्हणून तेच नाव पिशवीवर छापलं. मग दुसऱ्याच कुणीतरी त्या नावाने माल विकायला काढला, तेव्हा हा अर्ज केला. पुढच्या वर्षी मनीषाने उकड मळायचं मशीन आणलं. मळून मळून तिची मनगटं सुजायची.

"मशीनचा पापड मी माझा म्हननार नाय," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा कुठला? मळते तर मी!" मनीषा बोलून गेली.

दुसऱ्याच दिवशी नवसाबाई घोटीजवळच्या गावी, धाकट्या मुलाकडे गेल्या. सणासुदीला जीवन भेटून यायचा. मनीषा तीन वर्षांत एकदाही गेली नव्हती.

आता ती स्टॅम्प पेपर घेऊन गेली. नवसाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "वाच."

मनीषाने वाचून दाखवलं.

"म्हंजी नाव तुझं झालं?"

"धंद्यापुरतं."

"आन उद्या मी घोटीच्या बाजारात पापड घेऊन बसले तर? माझंच नाव मला चालंल का नाय?"

मनीषाने हे वकिलाला विचारलंच नव्हतं. 'चालेल' म्हणून मोकळं होता आलं असतं. "मला माहीत नाही, आत्या," ती म्हणाली.

नवसाबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. "मशीन आनून बी सूज हायेच की."

"मळतं मशीन. लाटते मीच."

"मग लिही खाली. नवसाबाईला लागलं तर तिचं नाव ती वापरील. आन अंगठ्याची शाई बी घेऊन ये."

वकिलाने कागद पाहून कपाळाला हात लावला. "संमतीत अट चालणार नाही हो. नवा कागद करू, पुन्हा अंगठा घेऊन या."

मनीषाने ती खालची ओळ पुन्हा वाचली. पुन्हा ती एसटी, पुन्हा ते अंगण, आणि आता ती ओळ खोडली म्हणून सांगायचं.

"आहे तसाच पाठवा," ती म्हणाली.

"अर्ज फेटाळतील."

"फेटाळू देत."

दोन वर्षांनी अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. तोवर, ओळ खोडली नाही हे जीवनकडून कळल्यावर, नवसाबाई उन्हाळ्यात दोन महिने येऊन लाटायला बसू लागल्या होत्या. मशीनला नावं ठेवत, पण बसत. तो दुसरा माणूसही त्याच नावाने माल विकतच होता.

"नवा अर्ज करायचा का?" जीवनने विचारलं.

"या वर्षी नको," मनीषा म्हणाली आणि वाळत घातलेले पापड उलटायला गच्चीवर गेली.