पंपापर्यंतचा वास

अननसाचा जॅम मी तेवीस वर्षं करतेय, पण तो चुलीवरून कधी उतरवायचा हे मला माहीत नाही. हसू नका. ते काम आमच्या ह्यांचं होतं.

हे खाली मळ्यात पंपाजवळ असायचे, मी वर स्वयंपाकघरात. जॅमचा वास आधी आंबूस येतो, मग गोड, मग साखर जरा भाजल्यासारखा. हा तिसरा वास पंपापर्यंत पोचला की हे तिथूनच ओरडायचे, "उतरव गं." की मी उतरवायची. वाफेत तासभर उभं राहून माझ्या नाकाला काही कळेनासं व्हायचं.

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. परवा फळं काढली आणि लागोपाठ दोन पातेली करपवली. हात ढवळत होता आणि कान खिडकीकडे. कोण हाक मारणार होतं, कपाळ माझं.

लेक शहरातून आली. तडक पातेली घासायला बसली आणि घासता घासता म्हणाली, "आई, पुरे झालं आता. माझ्याकडे चल."

राग तर माझ्या नाकावरच असतो. "उद्या करून दाखवते," मी म्हणाले. "जमलं तर इथेच राहीन. पुन्हा करपलं तर मुकाट गाडीत बसेन."

"शब्द दिलायस हं."

सकाळी पातेलं चढवलं. गोड वास सुटला तशी मला एक गोष्ट सुचली. डाव लेकीच्या हातात दिला, म्हटलं, "नुसती ढवळत राहा, अक्कल चालवू नकोस." आणि मी पंपाशी जाऊन उभी राहिले. तिथली हवा स्वच्छ. थोड्या वेळाने तो वास आला, अगदी ओळखीचा. मी जोरात ओरडले, "उतरव गं."

जॅम असा झाला की लेकीने बोटाने पातेलं पुसून खाल्लं. "जमतंय की तुला," म्हणाली. दुपारी चार बरण्या घेऊन गेली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं, आणि मला ते लागलं. पण जिंकले होते, बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा फळं सोलली. पातेलं चढवलं, गोड वास येईपर्यंत ढवळलं, आच बारीक केली आणि पंपाशी गेले. वास आला. मी ओरडले, "उतरव गं."

ओरडून झाल्यावर कळलं, वर कोणीच नाही.

इतकं एकटं मला हे गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मी पंपाच्या कट्ट्यावर बसले ते बसलेच. वास बदलत गेला, कडू झाला, तरी उठवेना.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "काय करतेयस?"

"पातेलं घासतेय."

ती लगेच म्हणाली, "रविवारी येते."

"ये," मी म्हणाले. "आणि मागची सीट रिकामी ठेव. पातेलंही बरोबर येणार आहे."