एकसष्ट गोष्टींची यादी

आई अंध श्रोत्यांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायची. शिवणाच्या खोलीत दार लावून, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत. एकसष्ट झाल्या आणि ती गेली. सगळ्या गोष्टी मी घेऊन दिलेल्या सर्व्हरवर होत्या, दुसरीकडे कुठेच नाहीत. प्लेलिस्टची फाईलही मीच बनवलेली. बाबांनी ती उघडली की गोष्टी ओळीने वाजायच्या.

सर्व्हरची मुदत संपत आली तेव्हा मी कामात गळ्यापर्यंत बुडाले होते. बाबांना फोन केला.

"आईचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलंत?"

"घेतलं."

"वाजतंय ना?"

"उत्तम. आत्ताच ऐकत होतो."

मी सर्व्हर बंद करून टाकला.

महिन्याभराने बाबा पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून आले. "चालत नाही गं. बघ जरा, तुझ्या डाव्या हातचा मळ."

आत एकच फाईल होती, प्लेलिस्टची. एका फोटोएवढीही नाही. त्या फाईलमध्ये आवाज नसतोच, आवाज कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. सर्व्हर चालू होता तोवर त्या पत्त्यावर आई होती, म्हणून वाजत होतं. सर्व्हरवाल्यांना फोन केला. पुसलेलं परत मिळत नाही, म्हणाले.

मी फाईल उघडून बाबांना दाखवली. प्रत्येक गोष्टीचं नाव, पुढे आकडा, खाली पत्ता.

"हे दोनशे बेचाळीस काय?"

"सेकंद. तेवढा वेळ ती वाचते."

"चार मिनिटं," बाबा म्हणाले. मग पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचू लागले. "इथं तिला खोकला आला होता. पुन्हा पहिल्यापासून वाचली, बाईसाहेबांना चालेल तर ना."

मला रडू आवरेना. बाबा चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे मी नुसती यादीच उचलली. तू विचारलं होतंस, मीच छातीठोकपणे सांगितलं. माझंच चुकलं गं."

फाईल केवढी आहे, एवढा एकच प्रश्न मी विचारायला हवा होता. या याद्या बनवण्याचाच मला पगार मिळतो. बाबांना ते कुठून कळणार? हे सांगायला मी तोंड उघडलं.

"असू द्या बाबा," मी म्हणाले, "होतं असं कुणाकडूनही."

आणि मी त्यांना माफ केलं.